पब, जेसीबी आणि परिषद: आयर्लंडमधला काउन्सिलर नेमकं करतो काय?

जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या केरी काउंटीच्या परिषदेने एक ठराव मंजूर केला. आडबाजूला एकट्याने राहणाऱ्या वयस्कर माणसांना दोन-तीन ग्लास बिअर पिऊन सावकाश गाडी हाकत घरी जाता यावं, म्हणून पोलिसांनी त्यांना खास परवाने द्यावेत, अशी त्यात मागणी होती. बाजूने ५ मतं, विरोधात ३, तटस्थ ७. परिषदेचे सदस्य तेव्हा २७ होते, म्हणजे उरलेले १२ जण मतदानाला नव्हतेच. ठराव मांडणारे डॅनी हीली-रे हे काउन्सिलर होते आणि किलगार्वन नावाच्या खेड्यात त्यांचा स्वतःचा पब होता.

बातमी जगभर गेली आणि जगभर हसू झालं. डब्लिनमधल्या न्यायमंत्र्यांनी, अॅलन शॅटर यांनी, कल्पना साफ फेटाळली. दारू पिऊन गाडी चालवण्याचा कायदा देशाच्या संसदेच्या हातात. काउंटी परिषदेचा त्याच्याशी काही संबंध नाही. ठराव जन्मला तेव्हाच निकालात निघालेला होता, आणि हे मांडणाऱ्यालाही ठाऊक असणार.

मग मांडला कशाला? या एका ‘कशाला’च्या उत्तरात आयर्लंडचं सगळं स्थानिक राजकारण आहे. तिथला काउन्सिलर कोण असतो, त्याच्या हातात काय असतं, काय नसतं, आणि पबवाले, दुकानदार, शेतकरी, अंत्यविधीची व्यवस्था करणारे अशी माणसं पिढ्यान् पिढ्या का निवडून येतात, हे समजून घ्यायला मी हीली-रे घराणंच निवडतो. ती माणसं प्रातिनिधिक नाहीत, जरा जास्तच रंगीत आहेत. पण रंग गडद असला की नक्षी नीट दिसते.

आधी हिशेब मांडू. आयर्लंडची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार साधारण ५१ लाख. एवढ्या देशात स्थानिक संस्था ३१ आणि त्यांवर निवडून आलेले सदस्य ९४९. बस्स. २०१४ पर्यंत शहरं-गावांच्या ८० छोट्या परिषदाही होत्या. त्या एका कायद्याने रद्द झाल्या आणि सदस्यांची संख्या १,६२७ वरून ९४९ वर आली. त्याखाली दुसरा निवडून आलेला थर नाही. महाराष्ट्रात २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत हे डोक्यात ठेवून ऐका: तिथे सरपंच नाही, वॉर्डातला पंच नाही. डोंगरातल्या दहा घरांच्या वाडीसाठीही काउंटीचा काउन्सिलर हाच सर्वांत जवळचा निवडून आलेला माणूस.

किलगार्वनचा जॅकी

डॅनी यांचे वडील जॅकी हीली-रे १९३१ मध्ये जन्मले. किलगार्वन हे केनमेअर गावाजवळचं, रफ्टी नदीच्या खोऱ्यातलं लहानसं खेडं; शेती डोंगर-उताराची आणि पावसाची. शाळा लवकर सुटली आणि जॅकी कामाला लागले. गावाच्या संघातून हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ खेळले, सॅक्सोफोन वाजवला, खोदाईची यंत्रं घेऊन ती भाड्याने द्यायचा धंदा उभा केला आणि गावात पब चालवला. कुणाला घराचा पाया खणायचा असेल, कुणाच्या शेतातलं पाणी काढायचं असेल, तर यंत्र जॅकींचं. संध्याकाळी घसा ओला करायचा तर गल्ल्यामागे पुन्हा जॅकीच.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते केरी काउंटी परिषदेत आले ते फिआना फॉल पक्षाकडून. त्याआधीपासूनच पक्षासाठी निवडणुका लढवून देणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. कोणत्या वाडीत किती मतं, कोणतं घर कुणावर रुसलंय, कुणाला गाडी पाठवायला हवी, हा तपशील त्यांच्या डोक्यात असे. पक्षाला हे कौशल्य हवं होतं. माणूस संसदेत मात्र नको होता. १९९७ मध्ये वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांनी संसदेची उमेदवारी मागितली, पक्षाने नाकारली. ते अपक्ष उभे राहिले आणि दक्षिण केरीतून जिंकले.

आपण कुणाचे प्रतिनिधी, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं: जी माणसं आपलं मुख्य जेवण भर दुपारी जेवतात, त्यांचा मी. डब्लिनचा सुशिक्षित वर्ग रात्री जेवतो; शेतात राबणारा, यंत्र चालवणारा, दुकान उघडणारा माणूस दुपारी. उत्पन्न, शिक्षण किंवा पक्ष यांतलं काहीही न उच्चारता त्यांनी देशाचे दोन भाग करून दाखवले होते.

त्या वर्षी फिआना फॉलचे ७७ आणि सहकारी पक्षाचे ४ मिळून ८१ खासदार झाले, सभागृह १६६ चं. बर्टी अहर्न यांना पंतप्रधान व्हायचं तर काही अपक्ष हवे होते. ज्याला तिकीट नाकारलं त्याच्याच दारात पक्षाला जावं लागलं. जॅकींनी पाठिंब्याची किंमत मागितली ती आपल्या भागासाठी: रस्ते, सोयी, निधी. राष्ट्रीय धोरण वगैरे मोठ्या गोष्टींत त्यांना फारसा रस नव्हता आणि असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. डब्लिनच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या चौकड्यांच्या टोपीची आणि बोलण्याच्या धाटणीची यथेच्छ टर उडवली. केरीत त्या टवाळीने त्यांची मतं कमी झाली नाहीत.

अधिकार कुणाकडे?

आता थोडी कोरडी गोष्ट, पण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. काउन्सिलर निवडून येतो. परिषद मात्र तो चालवत नाही. रोजचा कारभार चालवतो मुख्य कार्यकारी अधिकारी, जो नेमलेला असतो. आपल्या जिल्हा परिषदेचे सीईओ डोळ्यांपुढे आणा आणि मग त्यांचे अधिकार आणखी बरेच वाढवा.

हे असं झालं त्याला इतिहास आहे. १८९८ च्या कायद्यापर्यंत आयर्लंडमधल्या काउंट्यांचा कारभार जमीनदारांच्या मंडळांकडे होता. त्या कायद्याने निवडून आलेल्या काउंटी परिषदा आल्या, १८९९ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या, आणि बड्या जमीनदारांच्या खुर्च्यांवर शेतकरी, दुकानदार आणि पबवाले येऊन बसले. ही खरी सत्तांतराची घटना होती, स्वातंत्र्याच्या वीसेक वर्षं आधीची. पण स्वातंत्र्यानंतरच्या नव्या सरकारला या परिषदा गबाळ्या आणि वशिलेबाज वाटू लागल्या. १९२४ मध्ये डब्लिन आणि कॉर्क या दोन्ही शहरांच्या महापालिका बरखास्त करून आयुक्त बसवले गेले. कॉर्कला आयुक्त म्हणून आलेले फिलिप मॉनहन १९२९ च्या कायद्याने त्या शहराचे पहिले कायमस्वरूपी व्यवस्थापक झाले. १९४० च्या कायद्याने हीच पद्धत सगळ्या काउंट्यांना लागू झाली. पुढे पदाचं नाव बदललं, गाभा तोच राहिला.

त्यामुळे कामांची दोन खाती पडली. सदस्यांसाठी राखून ठेवलेली कामं थोडी: वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करणं, जमिनीचा विकास आराखडा ठरवणं, पोटनियम करणं, घरांवरचा स्थानिक कर ठरावीक मर्यादेत कमी-जास्त करणं. बाकी सगळं, म्हणजे कुणाला घर द्यायचं, कुणाला बांधकाम परवाना द्यायचा, कुणाला कंत्राट, कुणाला नोकरी, हे अधिकाऱ्याचं. अध्यक्ष (काही ठिकाणी त्यालाच महापौर म्हणतात) दर वर्षी बदलतो, गळ्यात साखळी घालतो, पाहुण्यांचं स्वागत करतो. थेट जनतेने निवडलेला, खरे अधिकार असलेला महापौर आजवर एकाच ठिकाणी आहे: लिमरिकला, जून २०२४ पासून.

शाळा, पोलीस, दवाखाने परिषदेकडे नाहीतच. पाणीपुरवठाही २०१४ पासून राष्ट्रीय कंपनीकडे गेला. उरले रस्ते, सरकारी घरं, बांधकाम नियोजन, वाचनालयं, अग्निशमन, बागा, पथदिवे.

मग लोक काउन्सिलरकडे का जातात? कारण अर्ज कुठे अडकला हे त्याला विचारता येतं. घरांच्या प्रतीक्षायादीत आपला नंबर कितवा, रस्त्याला पडलेला खड्डा यंदाच्या कामांत धरलाय की नाही, वाडीकडे जाणाऱ्या खासगी वाटेच्या दुरुस्तीसाठी स्थानिक सुधारणा योजनेतून पैसे मिळतील का, ही चौकशी तो अधिकाऱ्याकडे करतो, लेखी उत्तर मिळवतो आणि ते पत्र तुमच्या हातात ठेवतो. त्याच्या शिफारशीने निर्णय बदलतोच असं नाही. पुष्कळदा तुम्हाला जे हक्काने मिळणारच होतं, तेच मिळतं. पण पत्र त्याच्या नावाने आलेलं असतं. आयर्लंडमधले राज्यशास्त्राचे अभ्यासक या प्रकारावर अर्धं शतक लिहीत आलेत. माझ्या मते हा वशिला कमी आणि टपालाचं काम जास्त आहे. निर्णयाचा अधिकार काढून घेतला की उरतं ते निरोप पोचवणं, आणि मग जो निरोप सर्वांत लवकर पोचवतो तो निवडून येतो.

गल्ल्यामागे बसलेला माणूस

इथे पबवाल्याचा प्रवेश होतो. त्याचं दुकान रोज उघडं असतं. त्याला भेटायला वेळ घ्यावी लागत नाही, आणि भेटायला गेलात हे चारचौघांना कळलं तरी लाज नाही. तुम्ही काय, एक ग्लास प्यायला गेला होतात. आयरिश काउन्सिलर आणि खासदार लोकांच्या तक्रारी ऐकायला ठरलेल्या दिवशी बसतात, त्याला तिथे ‘क्लिनिक’ म्हणतात, आणि खेड्यात ते क्लिनिक बहुधा पबच्या किंवा हॉटेलच्या कोपऱ्यात भरतं. पबवाल्याचं क्लिनिक सात दिवस चालू.

गावाकडचा जुना आयरिश पब म्हणजे नुसता गुत्ता नव्हे. पुढे किराणा, मागे बार, कुठे पोस्ट, कुठे पेट्रोलचा पंप, आणि कित्येक ठिकाणी त्याच घराकडे अंत्यविधीचं काम. अशी दुकानं अजून आहेत. मालक उधारी देत असे, त्यामुळे कुणाच्या घरात यंदा ओढग्रस्त आहे हे त्याला पाद्र्याच्या आधी कळे. शिवाय १९०२ च्या कायद्याने पबचे नवे परवाने जवळपास गोठवले. नवा काढायचा तर आधी एखादा जुना रद्द व्हावा लागे. त्यामुळे परवाना घराण्यात टिकला, आणि परवान्याबरोबर गावातली जागाही.

आणि मयत. आयर्लंडमध्ये मयताला जाणं हे राजकारण्याचं मोठं काम आहे, हे बाहेरच्याला विचित्र वाटतं. केरीतला काउन्सिलर आठवड्यातून अनेक अंत्यविधींना जातो. रांगेत उभा राहतो, घरच्यांचा हात हातात घेतो, एक वाक्य बोलतो. गेलेल्याला तो ओळखत असावा लागतो, आणि ओळखीचं सोंग तिथे खपत नाही. कोण गेलं हे रोज संगणकावर पाहणं हा त्याच्या सकाळचा भाग असतो. नुसतं मतांसाठी म्हणावं तर ते खरंही आहे आणि अपुरंही. छोट्या गावात न जाणं हाच अपमान असतो, मग तुम्ही निवडणूक लढवा न लढवा.

डॅनींचा तो परवान्याचा ठराव या अंगाने पुन्हा वाचून बघा. ऑक्टोबर २०११ मध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आणली गेली. डब्लिनमध्ये याचा अर्थ टॅक्सी किंवा बस. किलगार्वनच्या आसपासच्या डोंगरात ना टॅक्सी, ना रात्रीची बस. एकट्या शेतकऱ्याचं आठवड्यातून दोनदा माणसांत येणं बंद झालं, असं डॅनींचं म्हणणं. पबचा गल्ला रिकामा राहू लागला, हे टीकाकारांचं. ठरावाला पाठिंबा देणाऱ्यांत इतरही पबवाले होते, हे वर्तमानपत्रांनी लगेच दाखवून दिलं. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या होत्या. एकटेपण खरं होतं, धंद्याचा तोटाही खरा होता, आणि ५० मिलिग्रॅमच्या वर गाडी चालवणं धोक्याचं आहे हेही खरंच. ठराव मूर्खपणाचा होता असं मलाही वाटतं. पण तो किलगार्वनमध्ये कुणालाही मूर्खपणाचा वाटला नसेल, आणि तो तिथल्यांसाठीच मांडलेला होता.

दुसऱ्या पसंतीचं राजकारण

सज्जन दुकानदार जगभर असतात. ते सगळीकडे निवडून येत नाहीत. आयर्लंडमध्ये येतात त्याचं एक मोठं कारण मतदानाची पद्धत. आपल्याकडे राज्यसभेला, विधान परिषदेला, पदवीधर मतदारसंघात जी पसंतीक्रमाची मतं असतात, तीच पद्धत तिथे प्रत्येक साध्या मतदाराच्या हातात आहे. मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालत जायचं, जेवढे वाटतील तेवढे. स्थानिक निवडणुकीत एका मतदारसंघातून तीन ते सात जण निवडून येतात.

समजा जागा ५ आणि वैध मतं १२,००० आहेत. मतांना जागांपेक्षा एकने जास्त संख्येने, म्हणजे ६ ने भागायचं आणि त्यात १ मिळवायचा: कोटा २,००१. एखाद्याला पहिल्या पसंतीची २,५०० मतं पडली तर तो निवडून आला आणि त्याची ४९९ जादा मतं वाया न जाता पुढच्या पसंतीकडे जातात. कुणीच कोटा गाठत नसेल तर सर्वांत खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या नावांकडे वाटल्या जातात. फेऱ्यांमागून फेऱ्या होतात. मोजणी हाताने होते आणि दोन-तीन दिवस सहज चालते.

याचा परिणाम असा की निवडून यायला तुम्ही सर्वांचे लाडके असावे लागत नाही. पुष्कळांची दुसरी किंवा तिसरी पसंती असलात तरी भागतं. प्रतिस्पर्ध्याच्या घरच्या माणसानेही तिसरा आकडा तुमच्या नावापुढे टाकावा, अशी वागणूक पाहिजे. गिऱ्हाईक तोडायचं नाही, हा दुकानदाराचा पहिला धडा इथे थेट मतपेटीत उतरतो. एकाच पक्षाचे दोन उमेदवार तर एकमेकांशीच लढतात, आणि मग लढाई धोरणाची उरत नाही, सेवेची होते: माझा खड्डा आधी बुजला की तुझा.

मोजणीच्या जागी एक खास जात दिसते, ‘टॅलीमन’. एकेका मतदान केंद्राची पेटी उघडून मतपत्रिका उलगडल्या जातात तेव्हा कठड्याबाहेरून वाकून हे कार्यकर्ते पहिल्या पसंतीच्या खुणा कागदावर टिपत जातात. सगळ्या पेट्यांची मतं एकत्र व्हायच्या आधीच त्यांना कळतं की अमुक शाळेतल्या केंद्रावर आपल्याला किती पडली. पहिल्या फेरीचा अधिकृत निकाल यायला रात्र होते. टॅलीमनचा अंदाज दुपारी येतो आणि बहुधा बरोबर असतो. जॅकी या विद्येत मुरलेले होते. गावाने मत दिलं की नाही हे पाच वर्षं लक्षात राहतं, आणि गावालाही ठाऊक असतं की ते लक्षात आहे.

२०१६ च्या संसद निवडणुकीत ही पद्धत कशी वापरावी याचा वस्तुपाठच हीली-रे बंधूंनी दिला. जॅकी २०११ मध्ये निवृत्त झाले आणि धाकटा मायकेल त्यांच्या जागी गेला होता. त्याचंही किलगार्वनमध्ये दुकान. २०१६ मध्ये ऐन वेळी डॅनींनीही त्याच केरी मतदारसंघातून अर्ज भरला. मायकेलला पहिल्या पसंतीची २० हजारांहून जास्त मतं पडली, म्हणजे कोट्याच्या कितीतरी वर. डॅनींना दहा हजारांच्या आसपास. एका भावाची जादा मतं दुसऱ्याच्या कामी आली आणि दोघेही संसदेत गेले. २०२० आणि २०२४ मध्ये पुन्हा दोघेही. २०२५ च्या जानेवारीत मायकेल राज्यमंत्री झाले.

परिषदेतली जागाही घरातच राहिली. २००३ च्या कायद्याने खासदाराने काउन्सिलर राहायचं नाही असं ठरलं. जॅकींनी परिषद सोडली आणि त्यांच्या जागी डॅनी आले, निवडणुकीशिवाय. कारण आयर्लंडमध्ये परिषदेची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक होत नाही. उरलेले सदस्य एकाला नेमून घेतात, आणि रिवाज असा की गेलेल्या सदस्याच्या बाजूने सुचवलेलं नाव मान्य करायचं. डॅनी २०१६ मध्ये संसदेत गेले तेव्हा त्यांची मुलगी मॉरा अशीच आत आली. तिचा भाऊ जॉनी आधीपासून होता. २०१९ मध्ये मायकेलचा मुलगा, आजोबांचंच नाव लावणारा जॅकी, निवडून आला. घराणेशाहीवर आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. एक फरक मात्र नोंदवायला हवा: नेमून आलेल्याला पुढच्या निवडणुकीत त्याच पसंतीक्रमाच्या चाळणीतून जावं लागतं, आणि त्यात नाव पहिल्या पसंतीपुरतंच पुरतं.

स्वतःच्याच दुकानावरचा कर

धंदा आणि पद एकाच माणसाकडे असलं की प्रश्न येणारच. सर्वांत साधा प्रश्न व्यावसायिक घरपट्टीचा, जिला तिथे ‘रेट्स’ म्हणतात. १९७७ च्या निवडणुकीत जॅक लिंच यांच्या फिआना फॉलने राहत्या घरांवरची पट्टी रद्द करायचं वचन दिलं, प्रचंड बहुमत मिळवलं आणि १ जानेवारी १९७८ पासून ती रद्द केली. उरली मुख्यतः दुकानं, पब, हॉटेलं, कारखाने यांच्यावरची. राहत्या घरांवर पुन्हा कायमचा स्थानिक कर यायला २०१३ उजाडलं. मधली साडेतीन दशकं स्थानिक पातळीवर गोळा होणाऱ्या करात मुख्य भरणा गावातल्या धंदेवाल्यांचा होता; बाकीचा पैसा डब्लिनहून यायचा, त्याच्या अटींवर.

दर कसा बसतो? सरकारी मूल्यांकन संस्था तुमच्या जागेचं वार्षिक मूल्य ठरवते. पबच्या बाबतीत त्याचा धंदा किती होऊ शकतो यावरून. परिषद दर वर्षी एक गुणक ठरवते. समजा मूल्य २० हजार युरो आणि गुणक ०.२५, तर वर्षाची पट्टी ५ हजार युरो. तो गुणक ठरवणाऱ्या सभेत हात वर करणाऱ्यांत त्या पबचा मालक असू शकतो. गुणक वाढवला तर स्वतःच्या खिशाला चाट. नाही वाढवला तर रस्त्याच्या कामाला पैसे नाहीत, आणि खड्ड्याची तक्रार घेऊन येणारा माणूस त्याच्याच बारसमोर उभा. अंदाजपत्रक मुदतीत मंजूर केलं नाही तर मंत्री अख्खी परिषद बरखास्त करू शकतात. १९६९ मध्ये डब्लिन महापालिकेचं तसं झालंही.

याहून गंभीर प्रश्न जमिनीचा. विकास आराखडा सदस्यांच्या हातात, म्हणजे शेतजमिनीचं बांधकामाच्या जमिनीत रूपांतर करण्याचं मतदान त्यांच्या हातात. १९९० च्या दशकात डब्लिनच्या आसपास या मतांची विक्री झाली. १९९७ मध्ये चौकशी आयोग बसला, त्याचा शेवटचा अहवाल यायला मार्च २०१२ उजाडलं, आणि काउन्सिलरांना पैसे वाटणारा फ्रँक डनलॉप हा मध्यस्थ २००९ मध्ये तुरुंगात गेला. ग्रामीण भागातला प्रकार वेगळा आणि जास्त साधा होता. १९५५ च्या कायद्यातल्या एका कलमाने सदस्य बहुमताने अधिकाऱ्याला आदेश देऊ शकत. ते कलम पश्चिमेकडच्या काउंट्यांत नियोजन अधिकाऱ्याने नाकारलेल्या घरांना परवाने मिळवून द्यायला वापरलं गेलं. बांधकाम परवान्यांपुरतं ते २०१४ मध्ये संपलं.

आज नियम असा: दर वर्षी प्रत्येक सदस्याने आपला धंदा, जमीन, कंपन्या यांची लेखी माहिती द्यायची, ती नोंदवही लोकांना पाहता येते, आणि आपल्या हिताचा विषय सभेत आला तर तसं सांगून खोलीबाहेर जायचं, मत द्यायचं नाही. हीली-रे कुटुंबाच्या यंत्रभाड्याच्या धंद्याने परिषदेची कामं केल्याच्या बातम्या आयरिश वर्तमानपत्रांनी वेळोवेळी छापल्या आहेत. ते गुपित नाही. ज्या भागात खोदाईची यंत्रं मोजक्याच माणसांकडे आहेत तिथे परिषदेने दुसरं कुणाचं आणायचं, हाही प्रश्न आहे. आणि हा प्रश्न विचारून सगळं माफ होतं का, हाही.

मला जास्त खटकते ती दुसरी बाजू. गिऱ्हाईक न तोडण्याच्या सवयीने माणूस काही ठिकाणी गप्प बसतो. ट्रॅव्हलर हा आयर्लंडमधला पूर्वापार भटका समाज. त्यांच्या निवाऱ्याचा आराखडा करणं १९९८ च्या कायद्याने परिषदांवर बंधनकारक आहे. मार्च २०१७ मध्ये त्यांना वेगळा वांशिक समूह म्हणून मान्यताही मिळाली. पण त्यांची वस्ती अमक्या गावाजवळ करू असा प्रस्ताव आला की काउन्सिलरांची हिंमत पातळ होते. वस्तीला विरोध करणारे शेजारीच ज्याच्या दुकानात रोज येतात, तो त्या शेजाऱ्यांच्या विरोधात हात वर करत नाही. कित्येक वेळा असले निर्णय अधिकाऱ्यावर सोडले जातात, आणि बाहेर येऊन त्याच अधिकाऱ्याला दूषणं दिली जातात.

पगाराचं थोडक्यात. २०२१ च्या मध्यापर्यंत काउन्सिलरला वर्षाला साधारण १७ हजार युरो मिळत. १ जुलै २०२१ पासून ते २५,७८८ झाले. काम अर्धवेळ धरलं आहे, फोन पूर्णवेळ वाजतो. नोकरदाराला दुपारच्या सभेला सुट्टी मिळत नाही. ज्याचं स्वतःचं दुकान आहे आणि घरातलं कुणी गल्ल्यावर बसू शकतं, त्यालाच हे परवडतं. म्हणजे पबवाला निवडून येतो यात थोडा भाग असाही आहे की बाकीचे उभेच राहू शकत नाहीत.

आणि आपली माणसं

मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर अशोक वराडकर यांचा मुलगा लिओ आयर्लंडचा पंतप्रधान झाला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्याची पायरी मात्र हीच होती. १९९९ मध्ये डब्लिनच्या वायव्येकडे तो काउन्सिलरच्या निवडणुकीत सपाटून पडला. २००३ मध्ये फिंगल काउंटी परिषदेत त्याला रिकाम्या जागेवर नेमून घेतलं गेलं, आणि २००४ मध्ये पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं घेऊन तो त्या निवडणुकीत देशात पहिला आला. त्याच्याकडे पब नव्हता. शहराच्या उपनगरात पबशिवायही जमतं. केरळहून गेलेले बेबी पेरेप्पाडन जून २०२४ मध्ये साउथ डब्लिन काउंटीचे महापौर झाले.

आयर्लंडमध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी माणसांना पुष्कळदा ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की तिथल्या स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. वय १८ पूर्ण आणि राहता पत्ता त्या भागातला, एवढं पुरतं. उभं राहायलाही परदेशी नागरिकाला बंदी नाही. संसदेसाठी हे चालत नाही, परिषदेसाठी चालतं. मतदार यादीत नाव संगणकावरून घालता येतं. निवडणुका पाच वर्षांनी होतात. गेली जून २०२४ मध्ये झाली, पुढची २०२९ मध्ये. तोवर घरासमोरचा दिवा बंद असेल तर तुमच्या भागातल्या तीन ते सात काउन्सिलरांपैकी कुणालाही फोन करा. सगळ्यांना केलात तर दुरुस्तीचं श्रेय घ्यायला सगळेच येतील.